बिरूमामांचे निरंक महिने

बिरूमामा कोळपे यांना व्हॉल्व्ह दाखवला की ते आधी त्याच्याकडे बघत नसत. कमरेला खोचलेला दीड वीत लांबीचा लोखंडी गज काढायचे, त्याचं एक टोक व्हॉल्व्हच्या अंगावर टेकवायचे, दुसरं उजव्या कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. शेजारी पंप चालू असो, कुणी हाका मारत असो, ते हलत नसत. मग गज खाली घेऊन दोनपैकी एक वाक्य बोलायचे. "शीट बसलीया." किंवा "शीट बसली न्हाई."

व्हॉल्व्ह बंद केल्यावर आतली चकती जिथं टेकते ती जागा म्हणजे शीट. तिथं केसाएवढी फट राहिली तरी आत गळती चालू असते आणि बाहेरून काही दिसत नाही. मामा हे वाक्य माणसांबद्दलही वापरत. एखाद्याचं बोलणं पटलं नाही, पण नेमकं कुठं पटलं नाही ते सांगता येईना, की म्हणायचे, "शीट बसली न्हाई." करांबद्दल ते हे वाक्य साडेतीन वर्षं म्हणत होते.

गेल्या पावसाळ्यात न्हावऱ्यात, राहत्या घरी त्यांचं निधन झालं. त्याची बातमी झाली नाही. मी तालुक्याची वार्ताहर होते, तेव्हा माझ्याकडे ही माहिती आली असती तर मीही दिली नसती. तीत बातमी नव्हती.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीबाहेर सहा गाळ्यांची एक ओळ आहे. पाचवा गाळा मामांचा होता, सहावा माझा. मध्ये पत्र्याची भिंत. दौंडची वार्ताहरकी सोडून मी तिथं छपाईचं काम सुरू केलं होतं: कंपन्यांचे फॉर्म, सुरक्षेचे फलक, मधूनमधून लग्नपत्रिका. मामांनी त्याच्या महिनाभर आधी गाळा घेतला होता. ते सव्वीस वर्षं एका रसायन कारखान्यात फिटर होते. कारखान्याने कायम फिटर कमी केले. व्हॉल्व्ह तेवढेच राहिले. मामांना सांगण्यात आलं की राजीनामा द्या, जीएसटी नंबर काढा आणि कंत्राटदार म्हणून तेच काम करा.

"शुक्रवारी नोकर व्हतो, सोमवारी मालक झालो," ते सांगायचे. "मधल्या दोन दिसांत कुणी काय शिकवलं न्हाई."

ते न्हावऱ्याहून मोटारसायकलीवर येत. पारगावला भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका संपतो आणि दौंड लागतो; मग केडगाव, चौफुला, पाटस, कुरकुंभ. घर एका तालुक्यात आणि धंदा दुसऱ्यात, तर कर कुठल्या तालुक्यात भरायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तो त्यांनी मला विचारला, कारण मी पेपरात होते. मला माहीत नव्हतं. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी 'करदात्यांना दिलासा' हा मथळा मी वाचत आले होते. दिलासा नेमका कुणाला आणि कसला, हे विचारायची वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती.

आम्हा दोघांचे कर सल्लागार एकच होते. दौंडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर गायकवाडांचं ऑफिस होतं. वय पस्तिशीचं, बोलणं भरभर. मामा त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी त्यांना 'सायेब' म्हणत आणि सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसत नसत. पायात कायम सुरक्षेचे जाड बूट. कारखाना सुटला तरी बूट सुटले नाहीत, लग्नालाही तेच.

पहिलं बिल करायला ते गेले त्या दिवशी मी तिथं होते. गायकवाडांनी कामाच्या रकमेवर अठरा टक्के लावले.

"हे कशाचे?" मामांनी विचारलं.

"जीएसटी. कंपनी तुम्हाला देणार, तुम्ही सरकारला भरणार."

मामांनी अठरा टक्क्यांच्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हंजी माझे न्हाईत."

"नाही."

"मग माझ्याकडं येत्यातच का? कंपनीनंच सरकारला द्यावं की. मी मधी कशाला?"

"मामा, तसा नियम आहे."

"नियम हाय, व्हय. पर शीट बसली न्हाई."

कंपनीने पैसे दिले तेव्हा त्यातून एक टक्का आधीच कापलेला होता. त्याला टीडीएस म्हणतात, तो कापून कंपनीने तुमच्याच नावावर सरकारात जमा केला आहे, असं गायकवाडांनी सांगितलं. मामा माझ्याकडे वळले. "बघा ताई. जे माझे न्हाईत ते माझ्याकडं दिल्यात. जे माझे हाईत ते सरकारकडं दिल्यात. अदलाबदल केली असती तर दोघांचाबी हेलपाटा वाचला असता." गायकवाड हसले. मला हसू आलं नाही. मी याहून चांगलं स्पष्टीकरण ऐकलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर त्या कापलेल्या रकमेचा परतावा त्यांच्या खात्यात आला. मोबाईलवर संदेश बघून ते घाबरले. त्या महिन्यात न्हावऱ्यातल्या एकाला कुणीतरी फोन करून फसवलं होतं. मामा पासबुक घेऊन बँकेत गेले आणि म्हणाले, चुकून कुणाचे तरी पैसे आलेत, परत घ्या. बँकेतल्या मुलीने बघून सांगितलं की हे तुमचेच आहेत. त्यांचा विश्वास बसला नाही. ते माझ्या गाळ्यात आले.

"ताई, तुम्ही पेपरात व्हता. खरं सांगा. हे माझे हाईत का?"

"आहेत असं वाटतं."

"वाटतंय का हाईत?"

मी गायकवाडांना फोन लावला. मामांनी मोबाईल कानाला लावून सगळं ऐकलं, 'व्हय सायेब' म्हणाले, फोन परत दिला आणि त्या पैशाला वर्षभर हात लावला नाही. "उद्या मागितले तर?" एवढंच म्हणाले.

गायकवाडांनी एकदा सांगितलं होतं की प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल घ्या. मामांनी ते शब्दशः घेतलं. गॅस्केटच्या रिकाम्या डब्यात ते बिलं ठेवत. वर्षअखेरीला तो डबा आम्ही उघडला तेव्हा त्यात पाने, ग्रीस आणि नटबोल्टच्या बिलांबरोबर एसटीची तिकिटं, भाचीच्या लग्नातल्या साडीची पावती, बाजार समितीची कांदाविक्रीची पट्टी आणि एका वहीच्या पानावर पेनाने लिहिलेलं 'वडापाव दोन प्लेट' असं बिल निघालं. खाली वडापाववाल्याची सही होती. "द्यायला तयार नव्हता," मामा म्हणाले. "म्हणला, मामा, पंचवीस वर्षांत पयलं बिल मागणारं तुम्हीच."

यावरून ते भोळे होते असा समज होऊ शकतो. तो बरोबर नाही. अख्ख्या वसाहतीत बंद व्हॉल्व्हची गळती कानाने ओळखणारे ते एकटे होते. कारखान्यातल्या एका अभियंत्याने यंत्र लावून जे दोन दिवसांत शोधलं ते मामांनी सकाळी चहाच्या आधी सांगितलं होतं. अभियंत्याने ऐकलं नव्हतं. मामांनी दोन दिवस गळती चालू राहू दिली, आणि नंतर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ज्या गोष्टीला हात लावता येतो ती त्यांना कळत होती. करांना हात लावता येत नव्हता.

तिसऱ्या वर्षी, शटडाऊनच्या वीस दिवस आधी, नंबराचं प्रकरण उभं राहिलं.

शटडाऊन म्हणजे वर्षातून एकदा सगळा कारखाना बंद ठेवून केलेली दुरुस्ती. मामांच्या वर्षाच्या मिळकतीतला मोठा वाटा त्या पंधरा दिवसांत यायचा. त्यांच्या हाताखाली पाच फिटर होते, पाचही जण त्यांच्याबरोबरच कारखान्यातून कमी झालेले. त्यांनी त्या पंधरा दिवसांसाठी दुसरी कामं नाकारली होती. सकाळी कंपनीच्या स्टोअर विभागातून फोन आला. पत्र्याच्या भिंतीपलीकडून मला मामांचं बोलणं ऐकू येत होतं. ते तीन वेळा 'व्हय सायेब' म्हणाले. मग दारात आले.

"ताई, माझा जीएसटी नंबर रद्द झालाय म्हणत्यात. नंबर चालू असल्याबिगर गेटपास निघणार न्हाईत. ना माझा, ना पोरांचा."

'पोरं' म्हणजे पन्नाशीला आलेले ते पाच फिटर.

आम्ही दौंडला गेलो. त्या दिवशी हौसामामी, म्हणजे मामांच्या पत्नी, डोळे तपासायला दौंडला आल्या होत्या. त्याही ऑफिसात येऊन कोपऱ्यात बसल्या. गायकवाडांनी संगणकावर पाहिलं.

"मामा, गेले सात महिने तुम्ही काहीच भरलं नाही."

"कामच नव्हतं की सायेब. बारकी कामं कंपनीनं दुसऱ्याला दिली. बिल न्हाई तर भरायचं काय?"

"निरंक भरायचं. शून्य."

"शून्य कसं भरत्यात?"

"काम झालं नाही, कर काही नाही, असं दर महिन्याला कळवायचं. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"तुम्ही म्हणला, बिल केलं की या. मी आलो."

गायकवाड पुन्हा संगणकाकडे वळले. ते तसं म्हणाले होते, हे मला आठवत होतं. बहुधा त्यांनाही आठवलं असावं.

"नोटीस आली होती," ते म्हणाले. "सात दिवसांत उत्तर द्या म्हणून. ई-मेलवर."

"कुणाच्या?"

"तुमच्याच."

"मला ई-मेल हाय?"

तो होता. नंबर काढताना शिरूरच्या एका ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात तो तयार करण्यात आला होता. पासवर्ड त्या दुकानदाराकडे होता आणि दुकान बंद होऊन वर्ष झालं होतं.

"पर माझं येक कळंना," मामा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते खरोखर विचारत होते. "मी कुणाचं बुडवलं न्हाई. काम न्हाई, पैसा न्हाई, कर न्हाई. गप बसलो. गप बसल्याला दंड हाय का?"

"आहे."

"शीट बसली—"

"ह्येंची ही जुनीच खोड हाय, सायेब," कोपऱ्यातून हौसामामी म्हणाल्या. डोळ्यांत औषध घातलेलं असल्याने त्या डोळे मिटूनच बोलत होत्या. "ह्येंनी तवाबी असंच केलं व्हतं."

"आता ते कशाला?" मामा म्हणाले.

"का न्हाई? सायबाला कळू द्या की, सरकार पयलं न्हाई."

मग मामींनी जे सांगितलं ते असं. त्यांचं लग्न झालं त्या वर्षी मामा अजून कारखान्यात लागले नव्हते. वडील धुळाबांचा मेंढ्यांचा कळप होता. दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड घाट उतरून कोकणात चारायला जायचं. दिवसा मेंढ्या दोन-तीन टोळ्यांनी वेगवेगळ्या डोंगरांवर असत, बायका आणि कोकरं तळावर. पद्धत अशी होती की दिवस मावळायच्या आत प्रत्येक टोळीवाल्याने आपल्या टेकाडावरून तळाकडे आरोळी द्यायची. मेंढी लंगडली, हरवली, व्याली, जे असेल ते सांगायचं. काही झालेलं नसेल तर तसं सांगायचं.

"येक दिस ह्येंची आरोळी आली न्हाई. सासऱ्यांनी वाट बगितली. मग तळावरचं दोन्ही गडी घेऊन काठ्या उचलल्या आन् गेलं ह्येंना हुडकायला. तळावर आमी बायका. तवर लांडगं आलं. चार कोकरं नेली माझ्या डोळ्यांदेखत. आन् हे तिकडं दगडावर बसून भाकरी खात व्हतं."

"सगळं ठीक व्हतं," मामा म्हणाले. "सांगण्यासारखं काय नव्हतंच."

"मग सासरं काय म्हणलं? सांगा की."

मामांनी सांगितलं, "म्हणलं, काय न्हाई, येवढं तरी म्हणायचं."

मामा आपल्या बुटांकडे बघत होते. मग त्यांनी गायकवाडांना विचारलं, "दर म्हैन्याला का, सायेब?"

"दर महिन्याला."

"आन् नुसतं काय न्हाई म्हणायचं."

"एवढंच."

"मग हे आधी असं सांगायचं की."

करांबद्दल त्यांना पटलेली मी पाहिलेली ही पहिली गोष्ट.

नंबर पुन्हा चालू करून घेण्यासाठी मागचे सगळे महिने विलंब शुल्कासह भरायचे आणि मग अर्ज करायचा, असं ठरलं. अर्जात कारण द्यावं लागतं. गायकवाड म्हणाले, "आजारी होतो असं टाकू. सगळे तेच टाकतात. लवकर मंजूर होतं."

"मी आजारी नव्हतो."

"मामा, वीस दिवस आहेत हातात. पाच माणसांचा प्रश्न आहे."

"हाय. पर त्या सात म्हैन्यांत मी रोज गाळा उघडलाय. उद्या कुणी कंपनीत इचारलं तर? तब्येत बरी नसलेल्याला शटडाऊनला आत घेत न्हाईत, सायेब. मेडिकल असतं."

हे गायकवाडांच्या लक्षात आलेलं नव्हतं. मामा माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही लिवा. तुमचं ते काम हाय."

मी कागद घेतला. मामांनी सांगायला सुरुवात केली ती कोकणातल्या टेकाडापासून. धुळाबा, आरोळी, चार कोकरं, सगळं त्यांना अर्जात हवं होतं. मी ते काढलं. वर्तमानपत्रात मी हेच करत आले होते. उरलं ते असं: 'या काळात काम मिळाले नाही. काम नसल्यास कळवायचे नसते, असा माझा समज होता. तो चुकीचा होता.' गायकवाडांनी त्याचं इंग्रजी करून टाकलं. मामांनी मराठी कागद दोनदा वाचला. "कोकरं गेली व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, जागा नाही. जागा होती. रकाना अर्ध्याहून जास्त रिकामा राहिला.

पुढचे दिवस मामा रोज गाळ्यात येत, गज पुसून ठेवत आणि मोबाईलकडे बघत बसत. एकदा अधिकाऱ्याने खुलासा मागवला, तोही पाठवला. पाच फिटर आळीपाळीने चौकशीला येत आणि न विचारताच चहा पिऊन जात. त्यातल्या एकाने शेवटी विचारलं, "मामा, व्हईल का?" मामा म्हणाले, "ऐकू येत न्हाई अजून."

शटडाऊन सुरू झालं. पहिले तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी गायकवाडांचा फोन आला की नंबर चालू झाला. तोवर निम्मे व्हॉल्व्ह दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेले होते. उरलेलं काम मामांना मिळालं. पाचही जण आत गेले, पाचांचे पूर्ण पंधरा दिवसांचे पैसे मामांनी दिले. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काय राहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वर्षभर हात न लावलेला तो परतावा त्याच महिन्यात त्यांनी बँकेतून काढला, एवढं मला माहीत आहे.

त्यानंतर दर महिन्याला, शेवटच्या तारखेची वाट न बघता, ते गायकवाडांना फोन करायचे. काम झालं असेल तर बिलं घेऊन जायचे. नसेल तर फोनवरच, इतक्या मोठ्याने की पत्र्याच्या भिंतीपलीकडे मला ऐकू यावं, म्हणायचे, "सायेब, बिरू कोळपे बोलतोय. काय न्हाई!" मग भिंतीवर दोनदा टकटक करायचे. ती माझ्यासाठी होती. निरंक महिना असला की मीही कळवायचं विसरत असे.

पुढच्या वर्षी त्यांचा उजवा कान गेला. गज ते डाव्या कानाला लावू लागले, पण त्या कानाला इतक्या वर्षांची सवय नव्हती. एका व्हॉल्व्हला त्यांनी 'बसलीया' म्हटलं आणि तो गळला. कुणाला इजा झाली नाही. त्याच आठवड्यात ते दौंडला गेले आणि नंबर बंद करा म्हणाले. गायकवाडांनी सांगितलं की बंद केल्यावरही एक शेवटचं विवरण भरावं लागतं. मला वाटलं मामा चिडतील. ते म्हणाले, "बरोबर हाय. तळ हलवतानाबी सांगून हलवायचा असतोय."

ते भरल्याची पोच गायकवाडांकडून आली ती माझ्याकडे. छापून, पाकिटात घालून मी न्हावऱ्याला घेऊन गेले. त्यानंतर मी मामांना पाहिलं नाही.

दिवस कलला होता. कांदा काढून मोकळ्या झालेल्या त्यांच्या रानात खतासाठी चुलतभावाच्या मेंढ्या बसवायच्या होत्या. अर्धा कळप आला होता, अर्धा ओढ्यापलीकडे होता. मामा बांधावर उभे होते. पायात तेच बूट. कमरेचा गज बांधाशी जमिनीत ठोकलेला होता आणि त्याला एक कोकरू बांधलेलं होतं. पाकीट त्यांनी उघडलं नाही. घडी करून खिशात ठेवलं. मी कामाचं काहीतरी बोलत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि डावा कान ओढ्याकडे केला.

पलीकडून आरोळी आली. लांबलेली, एकाच सुराची. मला तीत शब्द ऐकू आले नाहीत.

मामांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन तशीच आरोळी परत दिली आणि हात खाली घेतले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई म्हणतोय," मामा म्हणाले. "पर म्हणतोय."